त्याला कशाला उगाच त्रास?

आपल्या समाजात एक वाक्य फार मायेने उच्चारले जाते, आणि मायेने उच्चारले जाते म्हणूनच त्याला कोणी हरकत घेत नाही. 'त्याला कशाला उगाच त्रास?' हे ते वाक्य. धर्मग्रामातील युवकांची सहल निघणार असते, शाळेची तुकडी परप्रांतात जाणार असते, एखाद्या संस्थेमार्फत दहावी-अकरावीच्या मुलांना परक्या देशातील कुटुंबात राहून शिकण्याची संधी आलेली असते. नावांची यादी होते. कुबड्यांवर चालणारा मुलगा, कानाला यंत्र लावणारी मुलगी, अधूनमधून फेफरे येणारा तरुण, यांची नावे त्या यादीतून कोणी खोडत नाही. खोडण्यासाठी ती आधी लिहावी लागतात, आणि ती कोणी लिहीतच नाही. विचारले तर उत्तर तयार असते: त्याला झेपणार नाही, घरचे पाठवणार नाहीत, वाटेत काही झाले तर जबाबदार कोण, आणि शेवटी ते मायेचे वाक्य. प्रस्तुत लेखाचा रोख या वाक्यावर आहे.

विद्यार्थी-विनिमय हा शब्द कोणास जड वाटेल. अर्थ साधा आहे. एका गावच्या मुलाने दुसऱ्या गावी, दुसऱ्या भाषेत, परक्यांच्या घरी काही काळ राहून शिकावे आणि तिकडच्या मुलाने आपल्याकडे येऊन तसेच करावे. रायगडच्या किनाऱ्याला हे नवे नाही. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौल बंदरी उतरला आणि येथील माणसे कशी राहतात, काय नेसतात, हे त्याने लिहून ठेवले. पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, १७४० मध्ये चौल-रेवदंडा सोडून गेले. पण त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली कोर्लईच्या घराघरांत मागे राहिली. त्या बोलीच्या अभ्यासासाठी परदेशचे पंडित कोर्लईत आले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगाने आपल्याकडे यावे, आपल्याला न्याहाळावे, हे असे शेकडो वर्षे चालले आहे. आता आपली मुलेही जाऊ लागली आहेत. प्रश्न इतकाच की, 'आपली मुले' म्हणताना आपण कोणाकोणाला मोजतो?

मार्ग कमी नाहीत. एएफएस या संस्थेने १९४७ पासून शाळकरी मुलांच्या विनिमयाचे काम हाती घेतले. रोटरी क्लबांचा युवा-विनिमय त्याहूनही जुना. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली. अमेरिकेने २००२ मध्ये स्थापन केलेल्या केनेडी-लुगर योजनेतून भारतातील शाळकरी मुलेही एका शैक्षणिक वर्षासाठी अमेरिकन कुटुंबांत राहून आली. आणि परदेशाकडेच डोळे लावून बसावे असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील निजामपूर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८५-८६ मध्ये देशात जी पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांतील एक आपल्या अमरावतीचे. या विद्यालयांची एक सुंदर रीत आहे. नववीतील तीस टक्के मुले एका वर्षासाठी हिंदी भाषक प्रदेशातून अहिंदी प्रदेशात आणि तिकडून इकडे राहावयास धाडतात. केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. रायगडच्या शेतकऱ्याचा मुलगा परप्रांतात वर्षभर जेवतो, झोपतो, भांडतो, तेथली भाषा तोडकीमोडकी बोलू लागतो. परत येतो तेव्हा त्याच्या चालण्याबोलण्यात एक सैलपणा आलेला असतो, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. या सैलपणाची सर्वांत अधिक गरज कोणाला असते? जे मूल जन्मापासून आई, आजी आणि डॉक्टर यांच्याच नजरेखाली वाढले, त्याला. आणि नेमके तेच मूल घरी राहते.

येथे शब्दांविषयी दोन शब्द. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि सरकारी फलक बदलले. कोणास तो शब्द आवडत असेल तर त्याने अवश्य वापरावा. मी जुना 'अपंग' हाच शब्द ठेवला आहे, कारण शब्द बदलल्याने कचेरीची एकही पायरी ठेंगणी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सुझन सायगल या अमेरिकन महिलेची हकीगत या विषयात सांगण्याजोगी आहे. त्या चाकाच्या खुर्चीचा वापर करतात. सत्तरच्या दशकात रोटरीच्या शिष्यवृत्तीवर त्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात शिकावयास गेल्या. तेथे त्यांना कमी पडले असे काही नाही. उलट, देशोदेशी हिंडून त्यांनी मजा केली. मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. परदेशी शिकावयास जाणाऱ्या इतक्या तरुणांत आपल्यासारखे जवळजवळ कोणीच नाही. परतल्यावर १९८१ मध्ये बार्बरा विल्यम्स यांच्या सोबतीने त्यांनी ऑरेगन राज्यातील युजीन या गावी 'मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए' ही संस्था काढली. १९९५ पासून या संस्थेने अमेरिकन सरकारच्या साहाय्याने अपंगत्व आणि विनिमय या एकाच विषयाचे माहिती-केंद्र चालविले. केनेडी-लुगर योजनेतून आलेल्या अपंग मुलांसाठी युजीन येथे पूर्वतयारीची शिबिरे झाली. तेव्हा हे काम होऊ शकते का, हा प्रश्न जगात कधीच निकालात निघाला आहे. युरोपच्या इरॅस्मस योजनेत तर अपंग विद्यार्थ्याला लागणारा प्रत्यक्ष जादा खर्च, सोबत्याचा प्रवास आणि मुक्काम धरून, मागता येतो. तेथे कोणी 'कशाला त्रास' म्हणत नाही. अर्जात रकाना असतो आणि तो भरावयाचा असतो.

आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर जावेद आबिदी यांचे घ्यावे. मूळचे अलीगढचे, लहानपणापासून पाठीच्या कण्याचा विकार, पुढे चाकाची खुर्ची. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकले. या विद्यापीठाच्या इमारती भुयारी मार्गांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. थंडीत, बर्फात, चाकाची खुर्ची एका वर्गातून दुसऱ्या वर्गात विनासायास जाते. रीतसर विनिमय तो नव्हता, शिक्षणासाठी केलेला परदेशवास होता. परंतु त्या परदेशवासाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. भारतात परतल्यावर आबिदींना सारे पूर्वीसारखेच दिसले. मात्र ते आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. दरवाजा रुंद असू शकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर अपंगांचा मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी ते होते, आणि त्याच अधिवेशनात अपंग व्यक्तींविषयीचा पहिला व्यापक कायदा संसदेने संमत केला. विमानात चढताना अपंगांना उचलून न्यावे लागू नये म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले; डिसेंबर १९९८ मध्ये त्याचा निकाल लागला. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या घरच्यांनी ऐंशीच्या दशकात 'तिकडे एकट्याने कशाला त्रास' असे म्हटले असते तर काय घडले नसते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

'आधी इथल्या शाळा तर धड करा, मग परदेशाच्या गोष्टी', असे बजावणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे उत्तर ठरावे. शाळा धड करण्याची मागणी कोण करतो? ज्याने धड शाळा पाहिली आहे तो.

आपल्या महाधर्मप्रांताचाच इतिहास घ्या. भारतातील बहिऱ्या-मुक्या मुलांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली, ती त्या वेळचे मुंबईचे बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. म्युरिन हे बर्लिनमध्ये जन्मलेले येशूसंघीय. बहिऱ्या मुलाला शिकविता येते, हे ज्ञान कोणीतरी समुद्र ओलांडून आणले तेव्हा ते मुंबईत पोहोचले. २००३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी जे केंद्र उभे राहिले, त्याने छापील पुस्तक संगणकाकडून वाचून घेण्याची विद्या किती मुलांच्या हाती दिली! आपल्या संस्थांना हा विषय परका नाही. परका आहे तो आपल्या सहलींना.

आणि पाहुणा मोठा असला की आपल्याला सर्व काही सुचते, हेही नमूद करून ठेवतो. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत त्यांचे व्याख्यान झाले, मग ते दिल्लीला गेले. कुतुबमिनार, लाल किल्ला पाहावा अशी त्यांची इच्छा. शतकानुशतके ज्या वास्तूंना उतार करणे 'अशक्य' होते, तेथे आबिदींच्या आग्रहावरून लाकडी उतार बसले. लाकूड तेच, सुतार तेच, पायऱ्याही त्याच. गावचा मुलगा हॉकिंग नसतो, एवढाच फरक.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कोर्लईच्या, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका मुलीची कल्पना करा. तिची निवड झाली आहे आणि तिला विमान गाठावयाचे आहे. पहिली गाठ एस.टी.शी. अपंगांना एस.टी.च्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. पायरीला सवलत नाही. ती पायरी गुडघ्याएवढी उंच. म्हणजे भावाने उचलून घ्यावे, कंडक्टरने खुर्ची टपावर की मागच्या डिकीत यावर वाद घालावा, प्रवाशांनी 'बिचारी' म्हणावे. साळावचा पूल, रेवदंडा, चौल, अलिबाग करीत ती मांडव्याला पोहोचते. मांडव्याहून गेटवेला जाणारी बोट पावसाळ्यात बंद असते. चालू असली तरी गेटवेच्या त्या दगडी पायऱ्यांवर हलत्या बोटीतून उतरणे धडधाकट माणसालाही खलाशाचा हात धरूनच साधते. हा झाला आपला जुना, नेहमीचा मार्ग.

परंतु मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तिच्या पोटात मोटारी जातात. बोटीचा दरवाजा धक्क्यावर सपाट पडतो आणि चाके सरळ आत शिरतात. श्रीमंतांच्या मोटारी अलिबागच्या बंगल्यापर्यंत विनासायास जाव्यात म्हणून ही सोय झाली; अपंगांचा विचार करून झाली असे मी तरी ऐकलेले नाही. पण जेथून मोटारीचे चाक जाते तेथून खुर्चीचे चाकही जाते. कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळी पर्यटकांचे पाय भिजू नयेत म्हणून घोडागाडी जाते, तेव्हा कोणी म्हणते का की यांना कशाला उगाच त्रास, यांनी किनाऱ्यावर बसावे? पैसे देणाऱ्याच्या सोयीला आपण सोय म्हणतो, अपंगाच्या सोयीला उपकार. पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, नवी मुंबईच्या विमानतळाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले. जगाचा दरवाजा किनाऱ्याच्या इतका जवळ कधी नव्हता. कोर्लईच्या त्या मुलीला मात्र अजूनही विमानापेक्षा एस.टी. अवघड आहे.

विमानातही सारे आलबेल आहे असे नाही. जीजा घोष या मेंदूच्या पक्षाघाताने अपंगत्व आलेल्या कलकत्त्याच्या शिक्षिका. फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या निघाल्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरविण्यात आले. कारण काय, तर त्या प्रवासास योग्य दिसत नव्हत्या. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पाइसजेट कंपनीला त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला इंडिगोच्या विमानात चढू दिले नाही; त्या कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. या दोन्ही प्रसंगी अडविणाऱ्यांनी सुरक्षिततेचे आणि काळजीचे कारण पुढे केले होते. धर्मग्रामाच्या सभेत आपण जे मायेने म्हणतो, तेच विमान कंपनी नियम म्हणून सांगते. भाषा निराळी, यादी तीच.

कायदा आता पुरेसा आहे. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे या कायद्याने कर्तव्य ठरविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की, अपंगांना सुगम अशा बांधणीचे निकष केवळ मार्गदर्शक म्हणून ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत. केंद्र सरकारची अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्तीही आहे: पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, साऱ्या देशातून वर्षाला वीस. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग, एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर. वीस हा आकडा वाचून हसावे की रडावे, ते वाचकांनी ठरवावे. शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या तर तो उपयोगाचाच नाही. तेव्हा सरकारची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, आणि सरकारला दोष देऊन आपली सुटकाही होत नाही. यादी आपण करतो.

जबाबदारीचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. 'काही झाले तर?' असे विचारणाऱ्या शिक्षकाची किंवा युवा-कार्यकर्त्याची भीती खोटी नसते. परंतु याच किनाऱ्यावर, मुरुड येथे, १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी सहलीत समुद्रात बुडून मरण पावले. ती सारी धडधाकट मुले होती. त्या दुर्घटनेनंतर 'धडधाकट मुलांना यापुढे कोठेही नेऊ नये' असे कोणी म्हटले नाही. नियम हवेत, भरती-ओहोटीची माहिती हवी, पाण्याशी जीवरक्षक हवेत, असे म्हटले गेले, आणि ते बरोबरच होते. धोका दिसला की धडधाकट मुलासाठी आपण व्यवस्था मागतो. अपंग मुलासाठी व्यवस्था मागण्याऐवजी मुलालाच वजा करतो.

खर्चाचा मुद्दा मला त्या मानाने हलका वाटतो. वीस जणांच्या तुकडीत एका सोबत्याचे भाडे वाढले तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा विसावा भाग येतो. अडचण रकमेची नसून वेळेची असते: सहलीचा आराखडा पक्का झाल्यावर, पैसे गोळा झाल्यावर, आयत्या वेळी हा खर्च समोर आला की तो बोजा वाटतो. पहिल्याच सभेत अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ लिहावी. कोणी अपंग मूल आले नाही तर ती रक्कम पुढच्या वर्षासाठी ठेवावी. सणाच्या मांडवाला आणि बँडला आपण ज्या सढळपणे वर्गणी देतो, त्याच्या एका कोपऱ्यात हे काम भागेल.

आराखडा कधी कधी बदलावाही लागेल. जंजिरा पाहावयाचा म्हणजे राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचे आणि किल्ल्याच्या दाराशी डुलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकायचे, ही आपल्या सहलींची रूढ गंमत. तुकडीत चाकाची खुर्ची असेल तर? माझे मत अनेकांना रुचणार नाही, पण सांगतो: त्या वर्षी जंजिरा सर्वांनीच सोडावा. एका मुलाला सामान राखायला धक्क्यावर बसवून बाकीच्यांनी किल्ला पाहणे, आणि परत आल्यावर त्याला फोटो दाखविणे, यापेक्षा वीस मुलांनी एक किल्ला न पाहणे बरे. किल्ला साडेचारशे वर्षे उभा आहे. पुढच्या वर्षीही असेल.

'तो स्वतःच नको म्हणतो' हे आणखी एक समर्थन. होय, म्हणतो. दहा वेळा न विचारलेल्या मुलाला अकराव्या वेळी विचारले तर तो नकोच म्हणेल. वर्गात सर्वांसमोर 'तू येणार का रे?' असे विचारणे म्हणजे त्याच्याकडून नकार वदवून घेणे होय. त्याला एकट्याला गाठावे, आणि तुला काय झाले आहे हे न विचारता तुला काय लागेल एवढेच विचारावे. उत्तरे सहसा छोटी असतात. कोणाला पुढची जागा हवी असते, कोणाला तळमजल्याची खोली, कोणाला कार्यक्रमाचा कागद आदल्या दिवशी संगणकावर. बहिऱ्या मुलीला दुभाषी लागेल, आणि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल की खुणांची भाषा जगभर एक नाही. भारतीय खुणांची भाषा आणि अमेरिकन खुणांची भाषा यांत मराठी आणि जर्मन यांच्याइतके अंतर आहे. मग ती मुलगी परदेशी गेली तर तिला एक नवी भाषा शिकावी लागेल. पण विनिमयाला जाणारे प्रत्येक मूल तेच तर करते!

आता घरच्यांविषयी थोडे, कारण हा लेख घराघरांत वाचला जाणार आहे. सर्व अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. फेफरे, मधुमेह, मनाचे आजार, वाचताना अक्षरे उलटसुलट दिसणे, यांपैकी काही घरात असले तर ते झाकून ठेवण्याकडे आपला कल असतो. बहिणीचे लग्न व्हायचे असते, शेजारी काय म्हणतील हे असते. परिणामी विनिमयाच्या अर्जात प्रकृतीचा जो रकाना येतो त्यात 'काही नाही' असे लिहिले जाते. हे 'काही नाही' परक्या घरी फार महाग पडते. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना नेले तर विमानतळावर अडते, संपले तर तेथे सहज मिळत नाही, आणि लपविलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी नाकारते. ज्या कुटुंबात मूल राहणार त्यांना झटका आल्यावर काय करावे हे ठाऊक नसते. खरे लिहिले तर मूल नाकारले जाईल, ही भीती आईबापांना असते. आणि ती निराधार नाही. म्हणूनच निवड करणाऱ्यांनी अर्जावरच स्पष्ट छापावे की हा रकाना निवड झाल्यानंतर उघडला जाईल आणि तो फक्त सोय करण्यासाठी आहे. आईबापांना धीर देण्याचे काम उपदेशापेक्षा हे एक छापील वाक्य अधिक करील.

लगेच समुद्र ओलांडावा असेही नाही. आठवडाभर कोल्हापूरला जावे. तेथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. त्यांच्या वसतिगृहात चाकाच्या खुर्चीला प्रत्येक दार मोकळे आहे. आपल्याकडील चालती-बोलती मुले तेथे जाऊन राहिली तर तेच तेथे अडखळतील, आणि ते अडखळणे त्यांच्या शिक्षणाचा भाग ठरेल. बाबा आमटे १९८५ च्या अखेरीस तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' म्हणत निघाले, तेव्हा मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसताही येत नव्हते. गाडीत बिछाना टाकून ते आडवे होऊन गेले. तरुणांचा तो सर्वांत मोठा प्रवास एका अपंग म्हाताऱ्याने नेला, आणि आपण एका अपंग तरुणाला प्रवासात नेताना कां कूं करतो.

आपल्या समोर एक संधी चालून आली आहे. २०२३ मध्ये लिस्बन येथे जागतिक युवा दिन झाला. पुढचा २०२७ मध्ये सेऊल येथे भरावयाचा आहे. या मेळाव्याआधी काही दिवस तरुणांनी यजमान देशातील धर्मप्रांतांत, तेथील कुटुंबांत राहावे, अशी प्रथा आहे; म्हणजे तो एक विनिमयच. धर्मग्रामांत याद्या होतील तेव्हा प्रत्येक प्रमुख धर्मगुरूने आणि युवा-मंडळाने आपल्या हद्दीतील अपंग तरुणांची नावे आधी लिहावीत आणि मग बाकीची. चौघा मित्रांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडले, तो शुभवर्तमानातील प्रसंग आपण प्रवचनांत इतक्यांदा ऐकतो. दाराशी गर्दी करून उभे राहिलेले लोकही भाविकच होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

आणि विनिमय म्हटला की येणेही आले. उद्या लिस्बनचा किंवा सेऊलचा एखादा तरुण चाकाच्या खुर्चीवरून कोर्लईत, रेवदंड्यात, अलिबागेत आपल्या घरी राहायला आला तर? आपला ओटा दोन पायऱ्यांचा, न्हाणीघर मागच्या अंगणात, त्याचे दार हातभर रुंद, चर्चला पायऱ्या. पाहुण्याला उचलून नेऊ, असे आपण हसत म्हणतो. तरण्याताठ्या माणसाला दिवसातून सहा वेळा पोत्यासारखे उचललेले आवडत नसते. त्यापेक्षा हिशेब सोपा आहे. चाकाच्या खुर्चीच्या उतारासाठी एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरतात. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब फळी. दार तीन फूट मोकळे असावे. न्हाणीघरात हाताला धरायला एक लोखंडी दांडी, भिंतीत पक्की बसविलेली. होड्या दुरुस्त करणारा कोणताही सुतार हे एका दिवसात करून देईल. आधी हे चर्चच्या बाजूच्या दाराला करावे. पाहुणा येवो न येवो, दर रविवारी मिस्सेला दोघांच्या खांद्यांवरून येणारी म्हातारी त्याच फळीवरून आत येईल.